भिंत ओली, दोष रंगाऱ्याचा

मंडळी, आज जरा भांडायचंच आहे. भांडण रंग विकणाऱ्यांशी आहे, घाईघाईनं किल्ल्या हातात देणाऱ्या बिल्डर लोकांशी आहे, सोसायटीच्या मिटिंगांशी आहे. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त माझ्याशीच आहे. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, 'आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असं हजारो मुलांना सांगितलं, आणि स्वतःच्या घरातल्या भिंतीचा प्रश्न न वाचताच उत्तर लिहून मोकळा झालो.

झालं असं. २०२५ च्या जूनमध्ये नातीचा साखरपुडा होता. घरीच करायचा ठरलेला. आमचा फ्लॅट मांजरी बुद्रुकला, दुसऱ्या मजल्यावर. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा गॅलरीतून ऊस दिसायचा. आता समोरच्या इमारतीच्या गॅलरीतलं वाळत घातलेलं धुणं दिसतं. ३० जून २०२१ ला आमचं गाव पुणे महापालिकेत गेलं, तेवीस गावं एकदम गेली त्यातलंच एक. पण पाण्याच्या टँकरला आणि खड्ड्यांना ते अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. असो, विषय तो नाही.

सौ. म्हणाली, पाहुणे यायच्या आत घराला रंग काढून घेऊ. मेमध्ये रंगारी आला. माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा. सगळ्या खोल्या फिरून झाल्यावर आमच्या झोपायच्या खोलीत बाथरूमच्या बाजूच्या भिंतीशी थांबला. तिथं खाली, जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत, जुना रंग आधीच फुगलेला होता. त्यानं बोटानं पोपडा काढला, तळहात उलटा करून हाताची मागची बाजू भिंतीला लावली आणि म्हणाला, "सर, ही भिंत ओली हाय. पाणी कुठनं येतंय ते आधी बघा. मी म्हयन्याभरानं येतो."

महिना! साखरपुडा वीस दिवसांवर. मी म्हटलं, "अहो, तुम्ही तेवढा गिलावा खरवडा, नवीन भरा, लांबी मारा आणि रंग द्या. दुकानदार म्हणतो ओल रोखणारा प्रायमर आलाय, तो आणतो." तो एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी म्हणाल तसं."

हे 'तुम्ही म्हणाल तसं' मला आता रात्री आठवतं.

२० मेला काम पूर्ण झालं. सहा दिवसांनी, २६ मेला, मोसमी पाऊस पुण्या-मुंबईत येऊन थडकला, नेहमीपेक्षा जवळजवळ दोन आठवडे आधी. त्याच्या आधीपासूनच वळवाच्या सरींनी झोडपायला सुरुवात केली होती. साखरपुडा छान झाला, फोटोत भिंती सुंदर आल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात झोपायच्या खोलीतली भिंत पुन्हा फुगली, आणि सोबतीला हॉलमधली खिडकीखालची भिंतही. म्हणजे नवा रंग टिकला दीड महिना. रंगाऱ्याचे आठ हजार रुपये द्यायचे राहिले होते. मी फोन करून त्याला सुनावलं आणि पैसे देणार नाही असं सांगितलं. तो काही बोलला नाही. "बरं सर," एवढंच.

आता माझा मुद्दा. रंग उडतो तेव्हा आपण रंगाकडे बघतो. शंभरातले नव्वद जण (हा आकडा माझ्या रागाचा आहे, कुठल्या पाहणीचा नव्हे) रंगाऱ्याला किंवा रंगाच्या कंपनीला शिव्या देतात, आणि मग आणखी महागडा रंग आणतात. पण भिंत ओली असेल तर जगातला कुठलाही रंग तिच्यावर बसत नाही. पाणी भिंतीतून बाहेर यायला बघतं, रंगाचा पापुद्रा त्याला अडवतो, आणि या झटापटीत हरतो तो पापुद्राच. जितका रंग 'वॉटरप्रूफ', तितका फुगा मोठा! पाणी समोरून येतंय की मागून, याच्याशी त्या जाहिरातीतल्या हसऱ्या कुटुंबाला काही देणंघेणं नसतं.

मी पैसे अडवले खरे, पण शिक्षकाची खोड जाईना. एका रविवारी पेन्सिल घेऊन बसलो आणि दोन्ही भिंतींवर ओलीची जिथवर कड होती तिथं रेघ मारून तारीख घातली. दर रविवारी नवी रेघ. सौ. म्हणाली, "नातीच्या साखरपुड्याला रंगवलेली भिंत, तिच्यावर आता पाढे लिहा." पण त्या रेघांनी मला जे शिकवलं ते दुकानदारानं, शेजाऱ्यांनी आणि सोसायटीच्या चेअरमननं मिळून शिकवलं नाही.

हॉलमधली रेघ पावसाबरोबर हलायची. चार दिवस उघडीप मिळाली की कड फिकी पडायची, पश्चिमेकडून झोडपा आला की दुसऱ्या दिवशी काळपट. म्हणजे पाणी बाहेरचं. खिडकीबाहेर वाकून बघितलं (सौ.ने सदरा मागून धरून ठेवला होता) तर खिडकीच्या चौकटीच्या आणि भिंतीच्या सांध्यात बोटाचं नख जाईल एवढी चीर, आणि खालचा दगडी उंबरा बाहेर उतार देण्याऐवजी चक्क आतल्या बाजूला कललेला. खालच्या अंगाला पाणी तुटून पडावं म्हणून जी खाच असायला हवी तीही नाही. पाणी दगडाखालून वळून सरळ भिंतीत शिरत होतं. पाच वर्षांच्या पोराला कळेल असं हे गणित, पण आम्ही आतून दोनदा रंग दिला आणि बाहेर एकदाही बघितलं नाही.

झोपायच्या खोलीतली रेघ मात्र पावसाला विचारत नव्हती. ऊन असो, सर असो, तिचं आपलं आठवड्याला बोटभर वर सरकणं चालूच. मला खात्रीच पटली की वरच्या मजल्यावरचं बाथरूम गळतंय. वर गेलो आणि जरा चढ्या आवाजातच बोललो. वरची सूनबाई शहाणी. तिनं आवाज न चढवता सांगितलं, "काका, मी दोन दिवस ते बाथरूम बंदच ठेवते, दुसरं वापरतो आम्ही. तुम्ही रेघ बघा." दोन दिवस तिनं खरंच बंद ठेवलं. चार दिवस म्हणाली असती तरी चाललं असतं, कारण रेघ तशीच सरकत राहिली. शिवाय ओल खालून वर चढत होती, वरून खाली उतरत नव्हती. हे मला आधी सुचायला काय हरकत होती? शेवटी प्लंबरनं आमच्याच बाथरूममधली फरशी फोडली. गिझरकडे जाणाऱ्या पाइपाचा एल्बो थेंब थेंब गळत होता. भिंतीच्या पोटात. किती वर्षं, देव जाणे.

म्हणजे मी दोन माणसांवर आळ घेतला होता आणि चोर माझ्याच भिंतीत बसला होता.

ज्यांच्या भिंतीला असं काही झालंय त्यांनी डबा उघडायच्या आधी एक करावं. पोळ्या गुंडाळायचा जो चंदेरी कागद असतो त्याचा हातभर चौकोन भिंतीवर लावून चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का बंद करावा. एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. काढल्यावर कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला दमटपणा असेल तर पाणी भिंतीतलं. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ते खोलीतल्या हवेतलं दव. पावसाळ्यात कपाटामागे, बंद कोपऱ्यात जी काळी बुरशी धरते ती बहुधा या दुसऱ्या जातीची. तिला कपाट चार बोटं पुढे ओढणं आणि खिडकी उघडणं एवढंच औषध पुष्कळदा पुरतं. आणखी एक, गळून पडलेला पोपडा उलटा करून बघावा. त्याच्या पाठीला लांबी किंवा गिलाव्याची माती चिकटून आली असेल तर दुखणं आतलं आहे. नुसताच रंग, कागदासारखा साफ सुटून आला असेल तर मात्र खाली धूळ होती, जुना तेलकट रंग होता किंवा एक हात सुकायच्या आत दुसरा दिला. तिथं रंगाऱ्याला जाब विचारा, माझी हरकत नाही. माझ्या पोपड्यांच्या पाठीला लांबी होती, वाळूही होती. पुरावा माझ्या हातात होता आणि मी तो केरात टाकला.

त्या लांबीवर पांढरी भुकटीही होती. आमच्या आईच्या भाषेत भिंतीला लोणा लागला. पाणी भिंतीतून बाहेर येताना सिमेंट-विटांमधले क्षार विरघळवून आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. आमच्याकडे बोअर आणि टँकर, बादलीच्या तळाशीच पांढरा थर बसतो, तेव्हा बांधकामाला कसलं पाणी वापरलं असेल ते वेगळं सांगायला नको. बांधकामाच्या पाण्यात कुठले क्षार किती चालतील याची मर्यादा भारतीय मानक ४५६ मध्ये स्पष्ट दिलेली आहे. ते मानक टँकरवाल्याला कुणी दाखवलं असेल असं वाटत नाही. आणि हो, लोणा ओल्या फडक्यानं पुसू नका, मी पुसला. पाण्यानं क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडायचा असतो.

तुम्ही म्हणाल, मास्तर, जुन्या घरांना कुठं असं व्हायचं? व्हायचं की! आमच्या गावच्या घराची मागची भिंत बारा महिने ओली. पण तिला दरवर्षी दसऱ्याआधी चुना लागायचा. घमेल्यात कळीचा चुना विरवायचा, त्यात नीळ आणि थोडा डिंक. चुन्याचा हात पातळ, भिंतीचा श्वास बंद करत नाही. ओल आली, निघून गेली, चुना भुकटी होऊन पडला, पुढच्या वर्षी पुन्हा दिला. खर्च दोन-पाच रुपये. मी 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांतला नाही. कपड्यांना लागणारा चुना आता कुणाला चालणार नाही, मलाही नाही. पण चुना खोटं बोलत नव्हता. आजच्या गुळगुळीत, धुता येणाऱ्या रंगाला भिंत कोरडीच लागते. ती अट मोडून आपण त्याच्याकडून सात वर्षांची वॉरंटी मागतो. वॉरंटीचा कागद वाचलाय कधी? मी चष्मा लावून वाचला. गळती आणि ओल यांमुळे झालेलं नुकसान वगळून! म्हणजे छत्री मिळेल, पावसात उघडू नये.

नव्या बांधकामाचा तर प्रकारच निराळा. सिमेंटचा गिलावा केल्यावर निदान आठवडाभर त्यावर पाणी मारायचं असतं, आणि मग ते सगळं पाणी भिंतीतून निघून जाईपर्यंत थांबायचं असतं. एका मोठ्या रंगकंपनीच्या माहितीपत्रकात नव्या गिलाव्याला ९० दिवस द्या असं स्वच्छ लिहिलेलं आहे. तीन महिने! आमच्या आजूबाजूला जे वीस-वीस मजली मनोरे उठताहेत तिथं दसऱ्याचा ताबा आणि दिवाळीची पूजा ठरलेली असते. त्यांना कोण तीन महिने देणार? काही ठिकाणी आत जिप्समचा गिलावा असतो. तो लवकर वाळतो, दिसतो छान, पण सतत ओल लागली की खडूसारखा भुसभुशीत होतो. बिल्डर घाई करतो हे खरं. पण मुहूर्त आपण काढलेला असतो, हेही तितकंच खरं. वाट बघणं हा कुणाच्याच अंदाजपत्रकातला खर्च नाही.

माझी इमारत जुनी, त्यामुळे मला काही मिळायचं नाही. पण नव्या घरात गेलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. २०१६ च्या रेरा कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कारागिरीत दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं तो जादा पैसे न घेता ३० दिवसांत दुरुस्त करायचा आहे, नाही केला तर भरपाई. फक्त तक्रारीत 'रंग उडाला' असं लिहू नका. मग तुम्हाला रंगाचा डबा मिळेल आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पोपडे. 'भिंतीतून पाणी येते, कारण शोधून ते बंद करावे' असं लिहा. शब्दाला महत्त्व असतं हो, हे मराठीच्या मास्तरनं नाही तर कुणी सांगायचं!

सोसायटीत मी हाच मुद्दा मांडला. चीर बाहेरच्या भिंतीला, बाहेरची भिंत सगळ्यांची. आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरून येणाऱ्या गळतीचा खर्च सोसायटीचा, संडास-बाथरूमच्या आतल्या गळतीचा ज्याचा त्याचा. म्हणजे एक भिंत त्यांची, एक माझी, असा सरळ हिशोब. उत्तर आलं, "सर, वर्गणी काढून पूर्ण इमारतीला बाहेरून रंगच देऊन टाकू." पुन्हा रंग! चीर भरा म्हटलं तर रंग!

अजिंठ्याला मी पोरांच्या सहली घेऊन कितीदा गेलो असेन. तिथं चित्रांवर एक पिवळट, तपकिरी झाक दिसते, ती सगळी काळाची नाही. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन जाणकारांना बोलावलं होतं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पुन्हा धरून बसवला, ते त्यांचे उपकारच. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं रोगणही दिलं. ते पुढे काळवंडलं, आक्रसलं आणि खालचा रंग सोबत घेऊन सुटायला लागलं. नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते रोगण हळूहळू काढत बसावं लागलं. हे मी मुलांना दरवर्षी सांगायचो. त्या दोघांचा हेतू चांगला होता. माझाही होता म्हणा, साखरपुड्याचा.

ऑगस्टमध्ये एल्बो बदलला. हॉलच्या खिडकीची चीर सोसायटीनं शेवटी भरली, उंबऱ्याचा उतारही सुधारला, माझ्या चार पत्रांनंतर. मग रंगाऱ्याला फोन लावला. उचलेना. साहजिक आहे. ज्या दुकानातून सामान आणलं होतं तिथं जाऊन निरोप ठेवला, आठवड्यानं पुन्हा ठेवला. तिसऱ्या खेपेला तो दुकानातच भेटला. मी आठ हजारांचं पाकीट पुढे केलं आणि जे बोलायचं ठरवून गेलो होतो त्यातलं निम्मं विसरलो. वर्गात कधी असं झालं नाही. "तुम्ही बरोबर होता, मी ऐकलं नाही," एवढं तरी बोललो. त्यानं पाकीट न मोजता खिशात घातलं आणि विचारलं, "गळती सापडली का?" ते आठ हजार अडकल्यामुळे त्याच्या हाताखालच्या पोरांची मजुरी त्याला पदरचीच द्यावी लागली होती, हे मला दुकानदाराकडून कळलं. त्यानं स्वतः सांगितलं नाही.

तो घरी आला. ओलीच्या रेघेच्या वर आणखी फूटभर, पार विटेपर्यंत गिलावा खरवडून काढला. पंखा लावून ठेवा, खिडकी उघडी ठेवा म्हणाला. दिवाळीच्या आधी मी त्याला बोलावलं, कारण घरात पाहुणे येणार होते... हो, पुन्हा! त्यानं उलटा हात विटांना लावला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"अजून न्हाई, सर."

"मग कधी?"

"ती सांगंल की."

दिवाळीला आमच्या झोपायच्या खोलीत विटा उघड्या होत्या, वरच्या गिलाव्यावर माझ्या पेन्सिलीच्या रेघा आणि तारखा. वरच्या मजल्यावरची सूनबाई फराळाचं ताट घेऊन आली होती, तिनं त्या सगळ्या वाचून काढल्या. शेवटच्या पाच रेघा एकाच जागी, एकीवर एक आल्या होत्या. "काका," ती म्हणाली, "इथून पुढे तारखाच लिहा, रेघ नका मारू. जागा उरली नाही."